रात्री गाडी चालवणाऱ्यानं चष्म्याचं लेझर ऑपरेशन करावं का? नंबर मायनस साडेपाच

संत्रावाला_वरुड

राम राम मंडळी. मी वरुड तालुक्यातला, वय २६, घरची संत्र्याची बाग आहे अन् स्वतःची पिकअप आहे. नंबर उजव्या डोळ्याला मायनस साडेपाच, डाव्याला मायनस पावणेपाच, सोबत थोडासा सिलिंडर. चौथीत चष्मा लागला तवापासून आहे, आता दोन-तीन वर्षं झाली नंबर हलला नाही. लेझर करून चष्मा काढाचा विचार जवळपास पक्का आहे पण काही गोष्टी डोक्यातून जाऊन नाही रायल्या म्हणून इथं विचारतो, ज्याइनं स्वतः करून घेतलं त्याइनं सांगा, ऐकीव नको.

मुख्य प्रश्न रात्रीचा आहे. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या सीझनमध्ये गाडी रात्रीच भरते, क्रेट लोड करून बारा-एक वाजता निघा लागते अन् पहाटे नागपूरच्या कळमना मार्केटले लिलावाच्या आधी पोचा लागते. समोरून ट्रक आला का अप्पर लाइट सरळ डोळ्यावर. आमच्या इकडच्या एकानं सांगतलं का ऑपरेशन झाल्यावर लाइटच्या भोवती गोल कडं दिसते अन् ते जन्मभर राहते. हे जर खरं असन तर मले परवडणारच नाही कारण गाडीवरच घर चालते. आता चष्म्यातही काही सुख नाही, थंडीत वाफ धरते, फवारणीच्या वेळी मास्क लावला का काचा धुकट होते, घामानं चष्मा नाकावरून खाली अन् तो वर सरकवाले औषधाचा हात तोंडाजवळ न्या लागते, हे मले सगळ्यात धोक्याचं वाटते.

नागपूरला धंतोलीत तपासणी करून आलो. कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, जाडी उजवी ५०८ अन् डावी ५११ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर) निघाली. डॉक्टर म्हणे लॅसिक बसते, पण तुमचं काम पाहता पीआरके नाहीतर स्माईल जास्त चांगलं. पीआरके सगळ्यात स्वस्त, स्माईलचे लाखाच्या घरात सांगतले. तिन्हीत फरक काय हे त्याइनं समजावून सांगतलं पण तिथं दहा जण रांगेत होते, अर्धं डोक्यावरून गेलं. अन् नंबर परत येते का? आमच्या बागेत धूळ, सोयाबीन काढणीचा भुसा, एप्रिल-मेमध्ये ४५ च्या वर पारा, असं वातावरण. माय तर म्हणते लेझरनं डोळा जळते, हात लावू देऊ नको. इन्शुरन्सवाला पण नाही म्हणते. कोणाचा अनुभव असन तर सविस्तर लिहा, घाई नाही.

---

मोर्शीचा_जिनिंगवाला

भाऊ मी केलं आहे. लॅसिक, लेझरनंच फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचं वरचं पातळ झाकण, कापून, नंबर मायनस चारच्या आसपास होता, आता आठ-नऊ वर्षं झाली असतीन. पहिले तुमच्या मायले सांगा का काहीच जळत नाही. डोळ्यात सुन्न कराचे थेंब टाकते, पापण्या मिटू नाही म्हणून तारेची क्लिप लावते, मंग एक रिंग डोळ्यावर दाबते. त्या वेळी काही सेकंद समोर सारा अंधार होते, मले तिथंच भेव वाटलं होतं पण डॉक्टर आधी सांगून ठेवते का आता अंधार होईन, हलू नका. मंग दुसऱ्या मशीनखाली नेते, एक लुकलुकता लाइट दिसते त्याच्याकडेच पाहाचं, टकटकटक आवाज येते अन् केस जळल्यावानी वास येते. झालं. दोन्ही डोळे मिळून पंधरा-वीस मिनिटं. रात्री पाणी वाहे, चुरचुर होये, डोळ्यावर प्लास्टिकची जाळी लावून झोपलो. सकाळी उठून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तं काटे साफ. हे कसं वाटते ते चष्मेवाल्यालेच समजन.

आता रात्रीचं. कडं दिसे, खोटं नाही सांगत. पयले दोन-तीन महिने एलईडीच्या पांढऱ्या लाइटभोवती चांगलं मोठं, जुन्या पिवळ्या लाइटले कमी. मी तवा रात्री मोटरसायकल चालवणंच बंद केलं, घरच्या पोराले घेऊन जाओ. मंग कमी होत गेलं, वर्षभरात जवळपास गेलं. आता पाऊस पडून रस्ता ओला असला अन् समोरून गाडी आली तवाच थोडं जाणवते, पण ते चष्म्यातही होतंच, काचेवरच्या ओरखड्यानं तं अजून फाके. माया हिशेबानं आता पयल्यापेक्षा बरं दिसते.

खरा त्रास कोरडेपणाचा झाला अन् त्याबद्दल कोणी जास्त सांगत नाही. मी जिनिंगवर काम करतो, तिथं सरकीचा अन् रुईचा पुंजका हवेत तरंगतच राहते. पयले सहा-सात महिने डोळे वाळून जात, सकाळी उठलं का पापणी चिकटल्यावानी वाटे. खिशात थेंबाची बाटली कायम. आता सुटली ती, पण सीझन जोरात असला का अजूनही गॉगल लावूनच आत जातो. डॉक्टरनं आधी पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रू किती येते ते मोजलं होतं, तुमची ती टेस्ट झाली का ते पाहा, नसन झाली तं मागून घ्या.

अन् एक, आता चाळिशी ओलांडली मी. दूरचं मस्त दिसते पण कीटकनाशकाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर हात लांब केल्याशिवाय वाचता येत नाही. ते सगळ्याइलेच होते, लेझर केलं नसतं तं चष्मा काढून जवळचं वाचता आलं असतं. हे मले आधी माहीत होतं, तरी केलं, अन् आजही तेच करीन.

---

गुरुजी_बाई_दारव्हा

दादा, माझं पीआरके झालेलं आहे, कॉर्निया पातळ होता म्हणून लॅसिक नाहीच म्हणाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि घरी शेतीही आहे.

पीआरके स्वस्त आहे पण पहिले तीन दिवस सोपे नाहीत हे पक्कं लक्षात ठेवा. त्यात फ्लॅप नसतो, कॉर्नियावरची सगळ्यात वरची पातळ कातडी काढून टाकतात आणि त्याखाली लेझर मारतात, मग ती कातडी पुन्हा भरून येईपर्यंत डोळा उघडा जखमी असतो. त्यावर बँडेज लेन्स घालतात, साधारण चार-पाच दिवसांनी काढतात. दुसऱ्या दिवशी तर मला लाइट सहनच होत नव्हता, खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, डोळ्यातून सारखं पाणी, कांदा कापल्यावर होतं तसं पण थांबतच नाही. आईच जेवण भरवायची. गोळ्या वेळेवर घेतल्या की निभतं. लेन्स काढल्यावर एकदम हलकं वाटलं पण दिसणं लगेच साफ नसतं, फळ्यावरचं मला स्वच्छ दिसायला महिना-दीड महिना लागला, आणि पूर्ण बसायला तीन महिने. लॅसिकवाले दुसऱ्या दिवशी घड्याळ बघतात ते ऐकून आपलं काही बिघडलं का असं वाटू देऊ नका, याची चालच हळू आहे.

दोन गोष्टी मी जीव तोडून सांगेन. स्टेरॉइडचे थेंब दोन-तीन महिने हळूहळू कमी करत चालतात, ते मनाने बंद करायचे नाहीत आणि मनाने चालूही ठेवायचे नाहीत, कारण काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर त्याने वाढतं, ते मोजायला बोलावतात तेव्हा बस चुकली, पाऊस होता असं न करता जायचंच. आमच्या गावातल्या एका मुलीने बरं वाटतंय म्हणून फॉलोअपच सोडला आणि थेंब मात्र मेडिकलमधून आणून टाकत राहिली, प्रेशर वाढलेलं नंतर कळलं. दुसरं म्हणजे ऊन. पीआरकेनंतर कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो, कडक उन्हाने त्याचा धोका वाढतो म्हणतात, म्हणून यूव्हीवाला गॉगल आणि टोपी काही महिने सोडायची नाही. चुलीच्या धुरापासूनही लांब राहिले, घरच्यांनी गॅसवरच सगळं केलं तेवढे दिवस.

पण आता बागेत फांदी डोळ्यावर आली तरी फ्लॅप सरकेल ही भीती नाही. तुमच्या संत्र्याला काटे असतात ना.

---

नेत्रतपासणी_ग्रामीण

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे, ऑपरेशन मी करत नाही पण करून आलेले आणि करायला निघालेले दोन्ही रोज बघतो म्हणून थोडं मोठं लिहितो.

आधी तुमच्या आईंचं. त्यांची भीती रास्त आहे पण हा लेझर भाजणारा नाही. लॅसिक आणि पीआरकेमध्ये एक्सायमर लेझर असतो, १९३ नॅनोमीटरचा, तो कॉर्नियातल्या रेणूंमधले बंध तोडतो आणि इतका बारीक थर उडवतो की शेजारच्या भागाला उष्णता जवळजवळ लागत नाही. हे शोधून काढणाऱ्यांत मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन होते, १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या लॅबमध्ये त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर तो मारून पाहिला आणि कडा न जळता स्वच्छ काप आला, तिथून पुढे डोळ्यापर्यंत गोष्ट आली. आपल्या माणसाचं काम आहे हे आईंना नक्की सांगा, मला तर फार अभिमान वाटतो.

आता तुमचे आकडे. ५०८ मायक्रॉन ही जाडी सरासरीपेक्षा कमी आहे, साधारण माणसाची ५४० च्या आसपास असते, पण ती एकदम नापास नाही. मायनस साडेपाच काढायला मोटामोटी ७५ ते ८५ मायक्रॉन उडवावे लागतील, किती मोठ्या भागावर लेझर मारतात त्यावर ते ठरतं. लॅसिकचा फ्लॅप १०० ते १२० धरा. म्हणजे ५०८ वजा ११० वजा ८०, खाली उरले ३१८. २५० च्या खाली जायचं नाही हा जुना नियम, आणि बरेच सर्जन आता ३०० तरी उरले पाहिजेत म्हणतात. तर तुम्ही पास होता पण काठावर, पुढे थोडा नंबर परत आला आणि पुन्हा टचअप करायचं म्हटलं तर लॅसिकनंतर हात आखडता घ्यावा लागेल. पीआरकेमध्ये फ्लॅपचे ते मायक्रॉन वाचतात. डॉक्टरांनी तुम्हाला पीआरके सुचवलं ते उगाच नाही. बागेत काटेरी फांद्यांमध्ये काम, क्रेट उचलणं, हे बघता फ्लॅप नसलेलंच बरं असं मलाही वाटतं, कारण फ्लॅप वर्षानुवर्षांनीसुद्धा जोरात मार लागला तर सरकल्याच्या केसेस आहेत. स्माईलमध्येही फ्लॅप नसतो, दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून आतली पातळ चकती काढतात, कोरडेपणा साधारण कमी राहतो, पण पैसे जास्त आणि नंतर टचअप करायचं झालं तर बहुतेक वेळा पीआरकेच करावं लागतं.

पण जाडीपेक्षा मी टोपोग्राफीला जास्त मान देतो. कॉर्नियाचा नकाशा काढतात तो, पेंटाकॅम किंवा तसल्या मशीनवर. त्यात खालच्या भागाला कुठे फुगवटा दिसला तर केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगत जाण्याच्या आजाराची, सुरुवात असू शकते, आणि असल्या डोळ्यावर लेझर मारला की कॉर्निया ढिला पडून पुढे येत जातो, त्याला एक्टेशिया म्हणतात. ती एकदा झाली की परत फिरवता येत नाही, थांबवता येते एवढंच. आपल्या भागात लहानपणापासून डोळ्याला खाज आणि डोळे चोळण्याची सवय खूप मुलांना असते. तुम्ही चोळता का? खरं सांगा डॉक्टरांना. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे, कडक असेल तर तीन-चार आठवडे आधी बंद करून मगच नकाशा काढायचा, नाहीतर चुकीचा येतो.

रात्रीच्या कड्याबद्दल. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, नौदलाचे जवान आणि सामान्य लोक मिळून साडेपाचशेच्या वर माणसांना लॅसिकच्या आधी आणि नंतर प्रश्नावली दिली होती, ते २०१७ मध्ये छापून आलं. आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी काही ना काही नवीन दिसायला लागलं, कडं, चमक, दुहेरी, असं. आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी जवळपास २८ टक्क्यांना कोरडेपणाची तक्रार. आता हे वाचून घाबरू नका कारण त्याच लोकांमध्ये ९५ टक्क्यांच्या वर माणसं आपल्या नजरेवर खूश होती, आणि या दिसण्याच्या त्रासामुळे रोजचं काम करणं फार जड गेलं असं सांगणारे एक टक्क्याहून कमी. कित्येकांना चष्म्यातही कडं दिसत होतंच, ते उलट कमी झालं. म्हणजे कडं दिसणं हे नेहमीचं, पण जन्मभर गाडी बंद व्हावी इतकं राहणं क्वचित. तुमच्यासाठी विचारायची गोष्ट ही की अंधारात तुमची बाहुली किती मोठी होते आणि डॉक्टर किती मोठा ऑप्टिकल झोन, म्हणजे नंबर काढायला लेझर मारायचा गोल भाग, देणार आहेत. मोठा नंबर आणि छोटा झोन असला की कडं वाढतं, झोन मोठा घेतला की टिश्यू जास्त जातो, ही ओढाताण तुमच्या ५०८ मध्ये बसवायची आहे. हाच प्रश्न समोर बसून विचारा, दहा जण रांगेत असले तरी.

नंबर परत येतो का? मोठ्या नंबरला थोडाफार मागे सरकू शकतो, अर्धा-पाऊण, पण साडेपाच सगळा परत येत नाही. वय २६ आणि नंबर स्थिर, ही चांगली गोष्ट.

आणि एक गोष्ट जी ऑपरेशनवाल्या जाहिरातीत कधीच नसते. लेझरने चष्मा जातो, डोळ्याची लांबी तीच राहते. मायनस नंबरचा डोळा आतून लांब असतो, मागचा पडदा (रेटिना) ताणलेला असतो, त्यात पातळ जागा किंवा छिद्र असू शकतं. बाहुली मोठी करून पडदा तपासल्याशिवाय लेझर करायचंच नाही, आणि चष्मा गेल्यावरही वर्षातून एकदा पडदा दाखवायचा. डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, पडदा ओढल्यासारखा अंधार आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्या कापूस विकून झाल्यावर बघू असं नाही.

कागद जपून ठेवा. ऑपरेशनच्या आधीची जाडी, नकाशा, नंबर. साठीनंतर मोतीबिंदू झाला की लेन्सचा नंबर काढायला हेच कागद लागतात, नाहीतर हिशेब चुकतो. काचबिंदूसाठी प्रेशर मोजतात तेही लेझरनंतर खोटं कमी दाखवतं, तेव्हा पुढे कुठेही गेलात तरी लेझर झालं आहे हे आधी सांगायचं. इन्शुरन्सवाल्याने बरोबर सांगितलं, ७.५ च्या खालचा नंबर पॉलिसीत धरत नाहीत.

---

राळेगावचा_पोरगा

मी नाही करू शकलो, म्हणून लिहून रायलो. कॉलेजात असताना एका ठिकाणी डिस्काउंटचं शिबिर होतं, जाडी मोजली, म्हणाले चांगली आहे, पुढच्या आठवड्यात या, ॲडव्हान्स भरा. नकाशा काढलाच नाही. माया मामा म्हणे एकदा दुसरीकडे दाखवून घेऊ. तिथं टोपोग्राफी काढली तं दोन्ही डोळ्यात केराटोकोनस. रंगीत नकाशात खालच्या बाजूला लाल डाग, डॉक्टरनं बोटानं दाखवलं, म्हणे इथं कॉर्निया पुढं येऊन रायला, यावर लेझर मारला असता तं वाईट झालं असतं. मले लहानपणापासून उन्हायात डोळे खाजवे, मी मुठीनं गरगर चोळो, थांबतच नसे.

मंग सी३आर केलं, रायबोफ्लेविनचे थेंब टाकून यूव्ही लाइट देते, कॉर्निया कडक होते, नंबर कमी होत नाही पण वाढणं थांबते. आता कडक लेन्स लावतो, चांगलं दिसते. भाऊ पैसे लागले, फेऱ्या झाल्या, पण मामाचे उपकार मी विसरणार नाही. तुमचा नकाशा निघाला असन तं त्याची रंगीत प्रिंट मागून घ्या अन् दुसऱ्या एखाद्या डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा, जो ऑपरेशन करणार नाही त्याले. ज्याची जाडी चांगली त्याचा नकाशा चांगलाच असते असं नाही.

---

भरतीची_तयारी_पुसद

थोडं विषय सोडून पण इथंच विचारतो, आमच्या अकॅडमीत दोन पोरं भरतीसाठी लेझर कराले निघाली आहेत, वय १८ अन् १९. करावं का?

---

नेत्रतपासणी_ग्रामीण

भाऊ त्यांना थांबवा. एक तर या वयात नंबर अजून हलत असतो, वर्षभर स्थिर नसेल तर लेझर करूच नये. दुसरं, सैन्यात अधिकारी म्हणून जायचं तर ऑपरेशन २० वर्षांच्या आधी झालेलं चालत नाही, झाल्यावर किमान १२ महिने जावे लागतात, उरलेली कॉर्निया आणि डोळ्याची लांबी तेही मोजतात. आणि रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या जागेला तर लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरवतात, म्हणजे चष्मा काढायच्या नादात ती वाट कायमची बंद. प्रत्येक भरतीचा नियम वेगळा आहे, त्यांना जी द्यायची आहे त्या जाहिरातीतलं मेडिकलचं पान आधी वाचायला लावा, अकॅडमीवाल्याच्या तोंडावर जाऊ नका.

---

संत्रावाला_वरुड

सगळ्याइचे मनापासून आभार, एवढं कोणी समोर बसूनही सांगत नाही. आज मायले सारं वाचून दाखवलं, मद्रासच्या शास्त्रज्ञाचं ऐकून ती जरा शांत झाली, म्हणे मंग कर पण तोड झाल्यावर कर.

टोपोग्राफी झाली आहे, कागद घरी आहेत, प्रिंट रंगीतच आहे, राळेगावच्या भावानं सांगतल्याप्रमाणे अमरावतीच्या एका डॉक्टरले दाखवून घेतो. पडदा मात्र बाहुली मोठी करून तपासला नाही, त्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो होतो म्हणून म्हणे पुढच्या वेळी करू. डोळे मी चोळतो थोडे, फवारणी झाली का खाज येते. अश्रू मोजाची पट्टीवाली टेस्ट झाली, १४ मिलिमीटर आली.

आता प्रश्न वेळेचा. आंबियाची तोड डिसेंबरपर्यंत जाते. मृग बहाराचा माल यंदा आमच्याकडे नाही. जानेवारीत पीआरके केलं तं एप्रिल-मेच्या उन्हात त्रास होईन का? अन् रात्रीची गाडी कवा चालवता येईन?

---

गुरुजी_बाई_दारव्हा

दादा जानेवारी चांगला. हवा थंड, भुसा उडणं संपलेलं, बागेत काम कमी. मार्चपर्यंत तुमचे डोळा भरून येण्याचे मुख्य महिने निघून जातील आणि उन्हाळ्यात गॉगल-टोपी ठेवलीत तर निभेल. होळीला मात्र रंगात अजिबात जाऊ नका, मुलांना आधीच सांगून ठेवा. पहिला आठवडा डोक्यावरून अंघोळ नाही, डोळ्यात साधं पाणीही जाऊ द्यायचं नाही, रात्री जाळी लावूनच झोपायचं.

---

नेत्रतपासणी_ग्रामीण

१४ चांगलं आहे, १० च्या वर असलं की साधारण ठीक मानतात. पण डोळे चोळण्याचं आधी थांबवा, ऑपरेशनच्या आधीच. फवारणीनंतर खाज येते म्हणजे औषध डोळ्यात जातंय, बंद गॉगल घ्या, शेतीच्या दुकानात मिळतो, आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. खाजेचे थेंब आत्ताच चालू करून घेतले तर जानेवारीपर्यंत डोळा शांत होईल. पीआरकेनंतर चोळलं तर भरत आलेली कातडी सोलून निघते.

पडदा तपासायला जाल तेव्हा दुसऱ्याला गाडी चालवायला न्या, बाहुली मोठी केली की चार-सहा तास धूसर दिसतं आणि उन्हाने डोळे दिपतात. त्यात कुठे पातळ जागा निघाली तर आधी तिच्याभोवती लेझर करून घेतात, मग चष्म्याचं.

रात्रीची गाडी पीआरकेनंतर निदान दोन महिने तरी धरू नका, आणि मग आधी गावातल्या ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहा, हायवेवर नाही. तुमच्या सीझनला ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, जानेवारीत केलं तर तोवर नऊ महिने होतात, कड्याचं जे व्हायचं ते बहुतेक कळून चुकलेलं असेल. तरी डॉक्टरांना लिहूनच विचारा की माझी बाहुली अंधारात किती मिलिमीटर आणि झोन किती देणार. बाहुली मोठी आणि झोन लहान असं उत्तर आलं तर मग मी तुम्हाला आयसीएलची चौकशी करायला सांगेन, ती डोळ्याच्या आत बसवायची लेन्स असते, कॉर्नियाचा थर उडवत नाहीत, पण महाग पडते आणि तिची तपासणी वेगळी.

---

मोर्शीचा_जिनिंगवाला

भाऊ पडदा तपासाले जाचं असन तं मले सांगा, मी दर आठवड्याले वरुडवरून अमरावतीले जातो, तुमची गाडी मी चालवत आणीन.

---

संत्रावाला_वरुड

मंगळवारी अपॉइंटमेंट घेतो भाऊ, नंबर इनबॉक्समध्ये टाकतो. बाहुलीचं अन् झोनचं उत्तर आलं का इथंच लिहीन.